सर्वोत्तम ब्लेडची अफवा

अमेरिकेतल्या मराठी पुरुषांत अलीकडे एक नवा जाणकार उगवला आहे. पूर्वी त्याच्या जागी वाइनचा जाणकार असायचा, त्याच्याआधी कॅमेऱ्याच्या लेन्सचा. हा दाढीचा. मंडळाच्या गणपतीला, दिवाळीच्या फराळाला, किंवा मराठी शाळा सुटायची वाट बघत गाडीला टेकून उभे असताना तो तुम्हाला गाठतो. तुमच्या हनुवटीखालच्या लाल पुरळावर एक नजर टाकतो आणि निकाल देतो: कार्ट्रिज फेकून द्या, जुन्या पद्धतीचा, दुधारी ब्लेडचा रेझर घ्या. ब्लेड घ्याल तर जपानचं फेदरच, कारण त्याहून धारदार काही नाही. ब्रश घ्याल तर बॅजरच्याच केसांचा, तोही सिल्व्हरटिप. बाकीचं सगळं कच्च्या लोकांचं काम.

यातलं कार्ट्रिजचं आणि रेझरचं म्हणणं मला मान्य आहे. पुढचं सगळं खोडून काढायचं आहे, आणि जरा निवांतपणे, कारण पुढच्या उपदेशामुळेच मूळ चांगला सल्ला वाया जातो. नवखा माणूस हे ऐकून दोनशे डॉलरचा ब्रश आणि सगळ्यात कडक ब्लेड घरी आणतो, पहिल्याच आठवड्यात मान सोलून घेतो, आणि पुन्हा पाच पात्यांच्या कार्ट्रिजकडे वळतो. वर सांगत सुटतो, "ते जुनं प्रकरण आपल्याला नाही झेपत बुवा." न झेपायला त्या प्रकरणात काही नव्हतं. त्याला चुकीचं सामान चुकीच्या कारणासाठी घ्यायला लावलं गेलं होतं.

आणि जे मान्य आहे, तेही हा जाणकार भलत्याच कारणासाठी सांगतो. त्याच्या मते जुनी दाढी म्हणजे सकाळचं ध्यान, पुरुषी डौल, आजोबांचा वारसा. आजोबांचं ध्यान मी पाहिलेलं आहे. खिडकीच्या गजाला टेकवलेला आरसा, वाटीत चुलीवरचं कोमट पाणी, आणि आठ बाविसची लोकल. ते हे ब्लेड वापरत कारण दुसरं काही परवडत नव्हतं. दुधारी ब्लेडच्या बाजूनं बोलायचं तर खरं कारण फार नीरस आहे: त्याचं माप आज कुणाच्याही मालकीचं नाही.

ते तसं सहजी झालेलं नाही. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांच्या बुचांच्या कंपनीचा फिरता विक्रेता. बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये राहत असताना १८९५ साली त्याला वापरून टाकून द्यायच्या पातळ पोलादी पात्याची कल्पना सुचली. इतक्या पातळ पत्र्याला धार टिकणार नाही असं पोलादातल्या लोकांनी सांगितलं. ते जमवलं एमआयटीत शिकलेल्या विल्यम निकरसन या अभियंत्यानं. १९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली, आणि १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले. सैनिक घरी परतले ते रोज स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन.

इथे जाणकार, त्यातून तो एमबीए असेल तर, हमखास ती गोष्ट सांगतो: जिलेटनं रेझर फुकट वाटले आणि पैसा पात्यांवर केला. प्रिंटर आणि शाई, फोन आणि करार, सगळ्याचं मूळ म्हणे तिथे. ही गोष्ट खोटी आहे. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० साली जुन्या किमती आणि पेटंटांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून ती उघडी पाडली. सुरुवातीला जिलेटचा रेझर पाच डॉलरला होता, आणि कामगाराच्या आठवड्याच्या पगारातला तो भलामोठा लचका होता. पेटंट जिवंत होती, गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वाट नव्हती, त्या काळात कंपनीनं रेझरची किंमत चढीच ठेवली. १९२१ मध्ये मूळ पेटंटांची मुदत संपली, कुणीही पाती बनवायला मोकळा झाला, तेव्हा कुठे स्वस्त रेझर बाजारात आला. म्हणजे पुस्तकी तर्काच्या बरोबर उलटं. पुढे १९३० च्या सुमाराला ऑटोस्ट्रॉप कंपनीच्या हेन्री गेसमनशी पात्याच्या आकारावरून पेटंटचं भांडण जुंपलं, ते दोन्ही कंपन्या एक होऊन मिटलं, आणि मधोमध लांब खाच असलेलं आजचं ब्लेड रूढ झालं.

त्या खाचेत सगळं आलं. १९४७ साली निघालेल्या जिलेट सुपर स्पीड रेझरमध्ये आज जपानचं फेदर बसतं, तुर्कस्तानचं डर्बी बसतं, सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यानं नावारूपाला आणलेलं ॲस्ट्रा बसतं, आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मोठं झालेलं सुपर-मॅक्सही बसतं. सातारचा किंवा नांदेडचा न्हावी हेच ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतो. ब्लेड आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशाचं लावा, रेझर तोच. कार्ट्रिजवाल्याला हे सुख नाही. त्याच्या दांड्याचं टोक एका कंपनीच्या, बहुतेक वेळा त्या कंपनीच्याही एकाच पिढीच्या कार्ट्रिजला बांधलेलं असतं. त्याला ब्लेड निवडायचंच नसतं, त्याला फक्त ते संपलं की पुन्हा विकत घ्यायचं असतं. इथल्या कित्येक दुकानांत ते काचेच्या कुलूपबंद कपाटात असतं. बेल वाजवून माणसाला बोलवावं लागतं, आणि एका कार्ट्रिजला तीन-चार डॉलर मोजावे लागतात. दुधारी ब्लेड शंभराच्या खोक्यात घेतलं तर नगाला दहा-पंधरा सेंट पडतं.

पात्यांच्या संख्येबद्दल फार लिहायची गरज नाही. १९७१ मध्ये दोन, १९९८ मध्ये तीन, २००३ मध्ये चार, २००६ मध्ये पाच. 'दि अनियन' या विडंबनपत्रानं पाच पात्यांची टिंगल २००४ मध्येच करून ठेवली होती. दोन वर्षांनी कंपनीनं ती टिंगल खरी करून दाखवली. एक हकीकत मात्र सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात आपण आहोत. भारतात 'व्हेक्टर' नावाचा रेझर आणण्याआधी जिलेटनं तो भारतीयांवर वापरून पाहिला. कोणत्या भारतीयांवर? एमआयटीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर, कारण ते कंपनीच्या दाराशीच होते. विद्यार्थ्यांनी वाखाणला. २००२ मध्ये भारतात आला आणि आपटला. बॉस्टनच्या मुलांच्या बेसिनला धो धो नळ होता. भारतातला माणूस एका मगातल्या पाण्यात दाढी करत होता, आणि पात्यांमध्ये अडकलेले केस त्या पाण्यात निघत नव्हते. मग कंपनीची माणसं खरोखर भारतात गेली, लोकांच्या घरात बसून त्यांच्या दाढ्या पाहिल्या, आणि २०१० मध्ये पंधरा रुपयांचा 'गार्ड' आणला, पाच रुपयांच्या कार्ट्रिजचा. त्यात पातं एक. अमेरिकेत पाच पाती ही गरज असल्याचं सांगणाऱ्या कंपनीनं भारतात एका पात्यावर भागतं हे स्वतःच सिद्ध केलं. दाढी दोन्हीकडे माणसांचीच होती.

इथवर जाणकार माझ्या बाजूला उभा राहून टाळ्या वाजवेल. म्हणून आता त्याच्याकडे.

"सगळ्यात धारदार तेच सगळ्यात चांगलं" हे त्याचं मुख्य सूत्र. ब्लेड गालावर एकटं फिरत नाही. रेझरच्या दोन पट्ट्यांमध्ये ते किती वाकतं, धार कडेच्या किती बाहेर डोकावते, दातेरी कड आहे की सरळ, यावर तेच ब्लेड एका रेझरमध्ये गुपचूप चालतं आणि दुसऱ्यात चावतं. मवाळ रेझरमध्ये फेदर गुणी असतं. धार जास्त बाहेर काढणाऱ्या रेझरमध्ये नवख्या हातानं तेच लावलं तर गळ्यावर रक्ताच्या बारीक टिकल्या उमटतात. शिवाय धार म्हणजे नुसतं पोलाद नव्हे. क्रोमियमचं प्रमाण चांगलं असलेल्या पोलादाची कागदासारखी पट्टी कडक करून घासतात, धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा थर चढवतात आणि त्यावर नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच जातीचा घसरता थर देतात. केस किती सहज कापला जातो हे एक आणि कातडीवरून धार किती सहज घसरते हे दुसरं. जाणकार दोन्ही एकाच फूटपट्टीनं मोजतो. वेष्टणावर 'प्लॅटिनम' लिहिलेलं आहे यावरून तर यातलं काहीच कळत नाही.

धार जाते कशी, हे शोधायला एमआयटीतच कुणीतरी स्वतःच्या दाढीवर काम केलं, हे मला फार आवडतं. जानलुका रोशोली नावाचा संशोधक स्वस्तातल्या रेझरनं दाढी करायचा आणि दर वेळी ब्लेडची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. धार हळूहळू बोथट होत गोल होत असेल असा सर्वसाधारण समज. त्याला दिसले टवके. केस पोलादाच्या सुमारे पन्नास पट मऊ, तरी त्यानं धारेचे कपचे उडवलेले. मग त्यानं सूक्ष्मदर्शकाच्या आत बसेल असं छोटं उपकरण बनवलं, त्यात केस धरले आणि ब्लेडनं कापून पाहिले. जेम टासान यांच्या प्रयोगशाळेतलं हे काम ऑगस्ट २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. केस धारेला सरळ न मिळता वाकून तिरका आला, आणि नेमका त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की टवका उडतो.

यात जाणकारासाठी आणि आजोबांसाठीही निरोप आहे. आजोबा ब्लेड काचेच्या पेल्यात आतून घासून 'धार लावत'. उडालेला टवका काचेवर घासून परत येत नाही. आणि "या ब्रँडचं ब्लेड दोन दिवसांत जातं" हे वाक्य उच्चारण्याआधी आपण रेझर कोणत्या कोनात धरतो, दाबतो किती, आणि कोरड्याच खुंटांवर घाई करतो का, हे पाहून घ्यावं. हा माझा निष्कर्ष, प्रयोगशाळेचा नव्हे. पण केस आधी पाण्यानं मऊ झाला असेल तर ब्लेडला कमी झगडावं लागतं, हे तर न्हाव्याचा पोरगाही सांगेल. तो दाढीला आधी पाणी चोळतो ते गिऱ्हाइकाचं मनोरंजन म्हणून नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला म्हणते. दहा-पंधरा सेंटच्या वस्तूवर महिना काढण्यात कसली काटकसर? कार्ट्रिजवाला ती करतो, कारण त्याचं कार्ट्रिज महाग असतं. दुधारी ब्लेडवाल्यानं तीच सवय घेऊन इकडे येऊ नये.

मग ब्लेड निवडायचं कसं? पाच-सहा ब्रँडच्या नमुन्यांचं पाकीट मिळतं, ते घ्यायचं. रेझर तोच, साबण तोच, ब्रश तोच. एक ब्रँड लावून काही दाढ्या करायच्या, मग दुसरा. मधे दुसरं काही बदलायचं नाही. पहिल्या दाढीवरून निकाल द्यायचा नाही, कारण कोऱ्या ब्लेडचं कधी कधी दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं जमतं. ज्यानं मानेची आग झाली नाही ते तुमचं ब्लेड. माझं वेगळं असेल. तुमच्या भावाचं आणखी वेगळं असेल, भले दोघांच्या दाढ्या सारख्याच राठ असोत. दहा देशांची पाती एकाच रेझरमध्ये बसतात म्हणून ही मोकळीक आहे. या मोकळीकीला पहिला नंबर, दुसरा नंबर अशा उतरंडीत बसवणं म्हणजे कंपनीनं सोडलेलं दावं स्वतःच्या हातानं गळ्यात बांधून घेणं.

आता ब्रश, म्हणजे जाणकाराची दुखरी जागा, कारण पैसे तिथे गेलेले असतात.

बॅजरचा केस पाणी चांगलं धरतो, हे खरं. ब्रशला तेवढं जमलं पाहिजे: पाणी धरणं, साबणाचा फेस करणं, खुंट उभे करून त्यांच्या मुळाशी ओलावा पोचवणं. हे रानडुकराच्या राठ केसांचा दहा-पंधरा डॉलरचा ब्रशही करतो. फक्त तो आधी दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजत ठेवावा लागतो, आणि पहिले काही आठवडे टोचतो. मग टोकं फाटतात आणि तो मऊ होतो. आजचे कृत्रिम धाग्यांचे ब्रश भिजवायचीही गरज नाही, दोनदा झटकले की वाळतात. फेस तिन्हींनी होतो. फरक हाताला जाणवतो, गालाला फारसा नाही.

आणि 'सिल्व्हरटिप' म्हणजे काय? 'प्युअर', 'बेस्ट', 'सुपर', 'सिल्व्हरटिप' अशी जी प्रतवारी जाणकार सोन्याच्या कॅरेटसारखी सांगतो, तिच्यामागे कुठलंही सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीचं 'बेस्ट' दुसरीचं 'सुपर' असू शकतं. प्रत्येक कंपनी आपल्या केसाचं बारसं आपणच करते. हे केस मुख्यतः चीनमधून येतात. २०१८ मध्ये प्राणिहक्कवाल्या 'पेटा'नं तिथल्या बॅजरपालनाची चित्रफीत बाहेर आणली, त्यानंतर काही विक्रेत्यांनी बॅजर विकणं थांबवलं. मला ज्यांनी बॅजरची महती सांगितली त्यातले दोघे चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. त्यांच्या गालावर रोज सकाळी काय फिरतं हे मी विचारलं तेव्हा एकानं विषय बदलला. दुसरा म्हणाला, "ते केस आहेत, कातडं नाही." केस येतात कशावरून, हे विचारायची सोय उरली नाही.

बॅजरच्या प्रतिष्ठेनं एकदा खरोखर माणसं मारली आहेत, ही हकीकत मात्र जाणकाराला ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चेहऱ्यावर आणि मानेवर अँथ्रॅक्सचे काळे फोड घेऊन रुग्ण येऊ लागले. त्यांत सैनिक होते, नागरिकही होते. शोध घेता घेता माग नव्या दाढीच्या ब्रशांपर्यंत पोचला. युद्धामुळे केसांचा माल जिथून आणि ज्या वाटेनं यायचा ते बदललं होतं. गिऱ्हाइकाला हवा बॅजर, आणि बॅजर मिळेना; म्हणून बाहेरून आणलेला घोड्याचा स्वस्त केस बॅजरसारखा दिसेल असा करून ब्रशात बसवला जात होता. त्यातला काही माल नीट निर्जंतुक झालेला नव्हता, आणि अँथ्रॅक्सचे बीजाणू केसांत वर्षानुवर्षं तग धरतात. रोज दाढी करताना गालावर बारीक चिरा पडायच्याच, त्यांतून ते आत जात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकानं २०१७ मध्ये हा सगळा इतिहास पुन्हा मांडला, कारण जुन्या ब्रशांची हौस परत आली होती. आज कारखान्यातून निघालेल्या नव्या ब्रशाला घाबरायचं कारण नाही. पण अँटिक दुकानातून १९१८ चा 'अस्सल' ब्रश घासाघीस करून आणणाऱ्यानं, त्यातला केस कुणाचा आणि तो कुणी धुतला, याचा विचार करावा. जुना रेझर उकळून घासून घेता येतो, धातू आहे. ब्रशाचं तसं नाही. तो कपाटात शोभेला ठेवावा.

"पण माझ्या स्वस्त ब्रशानं फेसच होत नाही," ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे, आणि तिच्यावरचा जाणकाराचा उपाय ठरलेला आहे: महाग ब्रश. बहुतेक वेळा गुन्हेगार नळ असतो. अमेरिकेत पाणी गावागणिक बदलतं. न्यूयॉर्क शहराला कॅट्सकिलच्या डोंगरातून आणि बॉस्टनला क्वॅबिनच्या जलाशयातून येणारं पाणी मऊ असतं. सिॲटल आणि पोर्टलंडचंही. फीनिक्स, लास व्हेगस, सॅन अँटोनिओ, इंडियानापोलिस इथलं जड. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जुळून न विरघळणारा चोथा बनवतं, बेसिनच्या कडेला राखाडी वर्तुळ दिसतं तोच. फेस व्हायच्या आधी साबण त्यातच खपतो. ज्या घरात कुकरच्या चार शिट्ट्या जास्त काढूनही तूरडाळ बोटचेपी होत नाही, त्या घरात दाढीचा फेसही नीट होत नाही. कारण एकच, आणि ते स्वयंपाकघरात बहुधा आधीच कळलेलं असतं. किराणा दुकानातून ऊर्ध्वपातित पाण्याचा एक गॅलन आणा, दीड-दोन डॉलरला मिळतो. कपभर पाणी गरम करा, त्याच ब्रशानं, त्याच साबणानं फेस करून बघा. फेस चढला तर दोनशे डॉलर वाचले. नाही चढला तर साबण जास्त घ्या आणि ब्रश आणखी थोडा वेळ फिरवा. नवखा माणूस साबण घेण्यात कंजूसपणा करतो.

जाता जाता तुरटी. जाणकाराच्या कपाटात ती 'अॅलम ब्लॉक' म्हणून दहा डॉलरच्या डबीत असते, फ्रेंच नावाची. इंडियन ग्रोसरीत मसाल्यांच्या खालच्या फळीवर दीड डॉलरच्या पुडीत असते. ओली करून फिरवायची. रसायन एकच आहे.

माझ्या बाजूचे म्हणवणारे काही दावे मला नकोत. दुधारी ब्लेडनं सगळ्यांची कातडी सुधारते, असं म्हणवत नाही. कुरळ्या केसांच्या माणसांत, विशेषतः कृष्णवर्णीय पुरुषांत, केस आत वळून फोड येण्याचा त्रास मोठा आहे. पहिलं पातं केस ओढतं आणि पुढचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं, म्हणून बहुपात्यांना दोष दिला जातो. तर्क पटण्यासारखा आहे. तरी पाच पात्यांनी त्रास वाढत नाही असं सांगणारे, उत्पादकांच्या पाठबळानं झालेले अभ्यासही आहेत. त्यांचं पाठबळ पाहून मी भुवया उंचावतो, पण ते नाहीतच असं म्हणणार नाही. ज्याला हा त्रास आहे त्यानं त्वचेच्या डॉक्टरकडे जावं, दाढीच्या जाणकाराकडे नव्हे, माझ्याकडेही नव्हे.

विमानप्रवासाचंही तसंच. फक्त केबिनमधली बॅग घेऊन निघालात तर ब्लेड सुरक्षातपासणीत काढून घेतलं जाईल. रेझर नेता येतो, ब्लेड नाही. दोन दिवसांच्या कामासाठी शिकागोला जाताना मी स्वतः कार्ट्रिज नेतो. यात तत्त्वाचा पराभव वगैरे काही नाही.

पर्यावरणाबद्दलही बढाई जपून मारावी. प्लॅस्टिकच्या मुठी कचऱ्यात जात नाहीत, हे खरं. पण जुन्या अमेरिकन घरांत न्हाणीघरातल्या आरशामागच्या पत्र्याच्या कपाटाला मागच्या बाजूला एक आडवी फट असायची, पोस्टाच्या पेटीला असते तशी, पण जेमतेम ब्लेड जाईल एवढीच. वापरलेलं ब्लेड त्यातून सरकवायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडायचं, आणि विषय संपायचा. आज अशी भिंत फोडली की लाकडी खांबांच्या मधे गंजलेल्या पात्यांचा ढिगारा सापडतो. टाकलेली वस्तू दिसली नाही म्हणजे नाहीशी झाली, ही समजूत कार्ट्रिजच्या आधीपासूनची आहे. सुटं ब्लेड रिसायकलिंगच्या डब्यात टाकणं म्हणजे तो कचरा हातानं निवडणाऱ्याचं बोट कापणं. सूपच्या रिकाम्या डब्याला झाकणात चीर पाडून त्यात साठवावीत. एक डबा काही वर्षं पुरतो, आणि भरल्यावर त्याचं काय करायचं हे आपापल्या गावच्या कचरा खात्याला विचारावं.

"पण त्यातली मजा?" हा जाणकाराचा शेवटचा आसरा. मजेला माझी ना नाही. कुणाला हस्तिदंती रंगाच्या मुठीचा ब्रश हातात धरून बरं वाटत असेल तर त्यानं जरूर धरावा. घड्याळं जमवतात, फाउंटन पेनं जमवतात, तसं हेही. भांडण एवढ्यापुरतंच आहे की ती मजा ही अट म्हणून विकू नये. चाळीस-पन्नास डॉलरात एक मवाळ रेझर, एक कृत्रिम ब्रश, एक साबण आणि नमुन्यांचं पाकीट येतं, आणि पहिले काही महिने कार्ट्रिजवर जेवढे जातात तेवढ्यात ते वसूल होतं. नुकत्याच मास्टर्सला आलेल्या, भाडं चौघांत वाटून राहणाऱ्या भाच्याला हे सांगता येतं. बॅजर सांगता येत नाही.

त्या पाकिटात फेदर असतंच. मानवलं तर ठेवावं. नाही मानवलं तर उरलेली पाती गणपतीत जाणकाराला देऊन टाकावीत, तो नाही म्हणणार नाही.